ड्रम्सवर कोण आहे?

शास्त्रीय संगीताच्या मैफलीची जाहिरात हाती आली की जाणता श्रोता गायकाच्या नावापाशी थांबत नाही. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे खालच्या बारीक अक्षरांत तो वाचतो आणि जायचे की नाही हे पुष्कळदा तिथेच ठरवतो. साथीदार बदलला की त्याच गायकाची मैफल निराळी रंगते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. सोल, जॅझ, हिपहॉप आणि इंडी या चार नावांनी गेल्या दहा-बारा वर्षांत जे नवे संगीत आले, त्यात शिरायला या सवयीइतकी चांगली वाट मला दुसरी दिसत नाही. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक नोंदीत मुख्य कलाकाराच्या नावाखाली ड्रम्स, बेस, कीबोर्ड, सॅक्सोफोन कोणाचे आणि निर्मिती कोणाची हे दिले आहे. वाचकाने ही नावे गाळून पुढे जाऊ नये. पुढचा अल्बम त्यांच्यातूनच सापडणार आहे.

नवे काय ऐकावे हा प्रश्न आज निराळ्याच कारणाने अवघड झाला आहे. एके काळी परदेशी रेकॉर्ड सहजासहजी मिळत नसे. मिळाली तर हातोहात फिरे, आणि वेष्टनाच्या मागच्या बाजूला छापलेली वादकांची नावे ऐकता ऐकता पाठ होत. आता सगळे संगीत खिशात आले, पण ती मागची बाजू गेली. मोबाइलवर गाण्याखाली एक-दोन नावे दिसतात. बाकीची शोधावी लागतात आणि कित्येकदा सापडतही नाहीत. ॲप पुढचे गाणे सुचवते ते आधीच्या गाण्याशी जुळणारे, इतरांनी त्याच्या जोडीने ऐकलेले. त्यामुळे हळुवार सोल ऐकणाऱ्याला आणखी हळुवार सोल मिळत राहते आणि रॅप ऐकणाऱ्याला रॅप. वादकाच्या मागे जाणाऱ्याचे असे होत नाही. तो एखाद्या ड्रमरच्या मागोमाग निघतो आणि रॅपमधून चर्चच्या गाण्यात, तिथून गिटारच्या गोंगाटात आणि तिथून थेट भजनात जाऊन पोहोचतो. भजनाची हकीकत खरी आहे, ती पुढे येते.

सुरुवात २०१५ सालापासून करू. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा रॅपर केंड्रिक लमार याचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' त्या वर्षी मार्चमध्ये आला. दोन महिन्यांनी लॉस एंजेलिसच्या कमासी वॉशिंग्टन या सॅक्सोफोनवादकाचा 'द एपिक' आला. तीन डिस्क, जवळजवळ तीन तासांचे जॅझ, सोबत तंतुवाद्यांचा ताफा आणि गायकवृंद. दुकानदाराने हे दोन अल्बम दोन वेगळ्या भिंतींना ठेवले असते. पण त्यांच्या श्रेयनामावल्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या की तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटू लागतात. लमारच्या अल्बमवर कमासीने सॅक्सोफोन वाजवला आणि तंतुवाद्यांची रचनाही बांधली. थंडरकॅट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्टीफन ब्रुनरचा बेस दोन्हीकडे आहे. टेरेस मार्टिन लमारकडे निर्माताही आहे आणि सॅक्सोफोनवादकही. पियानोवर ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला आलेला जॅझवादक रॉबर्ट ग्लास्पर आहे. लमारचे पहिलेच गाणे घडवण्यात फ्लाइंग लोटस या निर्मात्याचा हात आहे, आणि 'द एपिक' ज्या ब्रेनफीडर लेबलने काढला ते लेबलही त्यानेच सुरू केलेले.

ही मंडळी योगायोगाने एकत्र आली नव्हती. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात लॉक हायस्कूलमध्ये रेजी अँड्र्यूज नावाचे संगीतशिक्षक होते. शहरातल्या निरनिराळ्या शाळांतली वाजवणारी मुले गोळा करून त्यांनी एक जॅझ बँड उभा केला. कमासी, थंडरकॅट, त्याचा ड्रमर भाऊ रोनाल्ड आणि टेरेस मार्टिन पोरवयातच अँड्र्यूज यांच्या हाताखाली आले. वॉट्स हे नाव अमेरिकेत १९६५ च्या दंगलीमुळे ओळखले जाते. त्याच वस्तीत एक मास्तर मुलांना स्वरलेखन वाचायला आणि वेळेवर तालमीला यायला शिकवत होता. 'लेट इट व्हिप' या १९८२ च्या गाजलेल्या गाण्याचे ते सहलेखक, म्हणजे बाजारातले यशही त्यांनी पाहिलेले होते. २०२२ मध्ये ते गेले. लमारचा अल्बम ऐकणाऱ्या लाखो लोकांपैकी किती जणांना त्यांचे नाव माहीत असेल? माझ्या मते या संगीतावरच्या कोणत्याही पुस्तकात त्यांचे नाव पहिल्या काही पानांतच यायला हवे.

शाळा सुटल्यावर ही मुले पोटापाण्यासाठी मिळेल तिथे वाजवू लागली. कमासी स्नूप डॉगच्या बँडमध्ये होता. थंडरकॅट सुइसायडल टेंडन्सीज या कर्कश पंक-मेटल बँडमध्ये बेस वाजवे आणि एरिका बडूच्या सोलमध्येही. जॅझ मात्र सोडले नाही. डिसेंबर २०११ मध्ये या मित्रमंडळाने महिनाभर स्टुडिओ घेतला आणि प्रत्येकाने आपापले संगीत बाकीच्यांच्या साथीने मुद्रित केले. 'द एपिक' त्या महिन्याचे फळ आहे. तो एका बैठकीत ऐकायचा हट्ट धरू नये. कमासीसाठी मी २०१७ चा 'हार्मनी ऑफ डिफरन्स' सुचवतो. अर्ध्या तासाच्या या अल्बममध्ये आधी पाच छोट्या रचना येतात आणि सहाव्या, दीर्घ रचनेत त्या पाचही एकमेकींत गुंफल्या जातात. पहिल्या पाच कानांत मुरल्यावर सहावी ऐकताना एकेक ओळखीची चाल वर येत जाते. बंदिश आणि तिचा विस्तार ऐकलेल्या श्रोत्याला या रचनेत परके काही वाटणार नाही.

लमारच्या अल्बमचे पडसाद कुठवर गेले याचे एक उदाहरण द्यायलाच हवे. डेव्हिड बोवी आपल्या शेवटच्या अल्बमवर काम करत होता तेव्हा तो आणि त्याचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी 'टू पिंप अ बटरफ्लाय' ऐकत होते. व्हिस्कॉन्टीने हे पुढे जाहीरपणे सांगितले आहे. बोवीने रॉकचे नेहमीचे वादक बाजूला ठेवले आणि न्यूयॉर्कच्या डॉनी मॅकॅस्लिन या सॅक्सोफोनवादकाचा जॅझ चमू घेतला. ड्रम्सवर मार्क जुलियाना होता. 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ ला आला आणि दोन दिवसांनी बोवी वारला. कॉम्प्टनच्या रॅपरला ऐकत लंडनच्या रॉक गायकाने न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांबरोबर अल्बम केला. या साखळीतला कोणता दुवा कोणत्या प्रकारात बसवायचा?

आता थोडे मागे जायला हवे, कारण या सगळ्या संगीताचा ठेका एका माणसाकडून आला आहे. डेट्रॉइटचा जेम्स यॅन्सी, म्हणजे जे डिला, याचा जन्म १९७४ चा. ड्रम मशीनमध्ये क्वांटाइज नावाची एक सोय असते. बोटाने दिलेला ठोका थोडा मागेपुढे पडला तर यंत्र तो उचलून बरोबर मापात बसवते. डिला ती सोय कधी बंद ठेवी, तर कधी एकेका ठोक्याला मुद्दाम जागेवरून हलवी. हाय-हॅट सरळ चालते, स्नेअर किंचित आधी पडतो, बेस ड्रम किंचित रेंगाळतो. पहिल्यांदा ऐकताना लय ढळली असे वाटते. तबला ऐकलेला कान दोन आवर्तने धीर धरेल, तर त्याला जाणवेल की चक्र पुरेपूर नेमके आहे आणि प्रत्येक ठोका ठरवून त्या जागी आलेला आहे. जॅझची झुलती लय आणि रॉकची सरळ लय अशा दोन चाली एकाच वेळी चालू असतात आणि त्यांच्यातला ताण हाच त्या ठेक्याचा रस. डॅन चार्नस यांनी २०२२ च्या 'डिला टाइम' या पुस्तकात हे फार बारकाईने उलगडले आहे. इंग्रजी वाचणाऱ्याने ते जरूर मिळवावे.

यंत्रावर घडलेला हा ठेका हाडामांसाच्या वादकांनी उचलला तो न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत. जिमी हेंड्रिक्सने बांधलेल्या या वास्तूत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सोल गायक डिअँजेलो, एरिका बडू आणि रॅपर कॉमन यांचे मुद्रण एकाच सुमारास चालू असे. वादक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात. डिलाचे यंत्र जसे रेंगाळते तसे रेंगाळायला ड्रमर क्वेस्टलव्हला शिकावे लागले. आयुष्यभर घड्याळासारखे वाजवण्याचा रियाझ केलेल्या माणसाला ही शिकवणी जड गेली असणार. २००० च्या जानेवारीत आलेला डिअँजेलोचा 'व्हूडू' हे त्या काळाचे शिखर. ट्रम्पेटवर रॉय हार्ग्रोव्ह, बेसवर वेल्सचा पिनो पॅलॅडिनो. पॅलॅडिनोचा बेस ठोक्याच्या इतका मागे राहतो की आता सुटला असे वाटते, आणि तो सुटत नाही. डिअँजेलोने आयुष्यात तीनच स्टुडिओ अल्बम पुरे केले. तिसरा 'ब्लॅक मसाया' २०१४ च्या डिसेंबरात आला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तो गेला. गेल्या पंचवीस वर्षांत सोल संगीतात याच्या तोडीचे काम मला दुसरे दिसत नाही. या पुस्तकातले निम्मे अल्बम 'व्हूडू'शिवाय झालेच नसते.

डिला त्याच्या आधीच गेला होता. 'डोनट्स' हा ३१ तुकड्यांचा शब्दविरहित अल्बम ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला. तीन दिवसांनी त्याने देह ठेवला. त्याचे ड्रम मशीन आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अभ्यासाला किंवा झोपेला उपयोगी म्हणून जे मंद ठेक्यांचे संगीत तासन्‌तास वाजत असते ते त्याच्या ठेक्याची नक्कल करते, पण त्यातला ताण काढून टाकते. ते या पुस्तकात घेतलेले नाही.

वादकांच्या मागे जाण्याचा फायदा किती रोकडा असतो ते इथेच दाखवता येते. 'ब्लॅक मसाया'वर ड्रम्स वाजवणाऱ्यांत ख्रिस डेव्ह आहे. ॲडेलचा '२१' घरोघरी वाजला. त्यातल्या काही गाण्यांवरही ख्रिस डेव्ह आहे आणि पिनो पॅलॅडिनोही. म्हणजे ज्या श्रोत्याला वाटते की आपण या वाटेला कधी गेलोच नाही, त्याच्या कानावरून हे हात बहुधा आधीच गेलेले आहेत.

लंडनची गोष्टही एका शिकवणीपासून सुरू होते. गॅरी क्रॉसबी हे जमैकन मुळाचे बेसवादक आणि जनीन आयरन्स यांनी १९९१ मध्ये टुमॉरोज वॉरियर्स ही संस्था काढली. जॅझचे शिक्षण महाग, आणि ब्रिटनमध्ये ते घेणारी मुले बहुतेक गोरी आणि सुखवस्तू घरांतली. कृष्णवर्णीय मुलांना आणि मुलींना ते फुकट मिळावे ही या दोघांची धडपड. नुबाया गार्सिया, शबाका हचिंग्ज, मोझेस बॉइड, ट्यूबावादक थियॉन क्रॉस आणि एझरा कलेक्टिव्हचा ड्रमर फेमी कोलिओसो ही सगळी या संस्थेतून गेलेली नावे. आजीआजोबा कॅरिबियन बेटांवरून किंवा पश्चिम आफ्रिकेतून आलेले, घरात रेगे, कॅलिप्सो, आफ्रोबीट, रस्त्यावर ग्राइम हा लंडनचा रॅप. या मुलांनी जॅझमध्ये हे सगळे आणले आणि खुर्च्या काढून टाकलेल्या सभागृहांत तरुण गर्दीला नाचवले. जाइल्स पीटरसनच्या ब्राउन्सवुड लेबलने २०१८ मध्ये 'वी आउट हिअर' हा संग्रह काढला. या पिढीची ओळख करून घ्यायला तो अजूनही सर्वांत चांगला आहे. २०२३ च्या सप्टेंबरात एझरा कलेक्टिव्हला ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. १९९२ पासून चालत आलेल्या या पुरस्काराच्या यादीत जॅझचे नाव अनेकदा येई, पण पहिला क्रमांक जॅझच्या वाट्याला प्रथमच आला. मंचावरून कोलिओसोने श्रेय दिले ते तरुणांना वाजवायला शिकवणाऱ्या संस्थांना. त्याच कोलिओसोने गोरिलाझ या बँडसाठीही ड्रम्स वाजवले आहेत.

शबाका हचिंग्जवर थोडे थांबायला हवे. सन्स ऑफ केमेट या त्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन, ट्यूबा आणि दोन ड्रमर एवढीच मंडळी. २०१८ च्या 'युअर क्वीन इज अ रेप्टाइल' या अल्बमवर प्रत्येक रचना एकेका कृष्णवर्णीय स्त्रीच्या नावाने आहे. ट्यूबा इथे बेसचे काम करतो आणि दोन ढोलांच्या मारामारीत सॅक्सोफोन घोषणा दिल्यासारखा वाजतो. कीर्तीच्या शिखरावर असताना, २०२३ च्या अखेरीस, शबाकाने सॅक्सोफोन खाली ठेवला आणि जपानी शाकुहाची व इतर बासऱ्या हाती घेतल्या. पुढच्या वर्षी आलेला त्याचा बासरीचा अल्बम न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत मुद्रित झाला. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' इथलाच. एवढ्या मिळकतीच्या वाद्याला रामराम करून नवशिक्याप्रमाणे श्वास शिकायला बसणे ही मला या दशकातली सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते. त्याचे सन्स ऑफ केमेटमधले दोन ड्रमर आठवा. त्यांतला टॉम स्किनर आज रेडिओहेडच्या टॉम यॉर्क आणि जॉनी ग्रीनवूडबरोबर द स्माइल या बँडमध्ये वाजवतो. इंडी म्हणून रेडिओहेड ऐकत वाढलेल्या वाचकाला जॅझच्या दारात आणणारा हा सरळ रस्ता आहे.

लंडनमध्येच माझ्या वाटेला एक अपवाद भेटतो. सॉल्ट हा गट २०१९ पासून अल्बमामागून अल्बम काढत आला आणि वादकांची नावे जवळजवळ सांगतच नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांनी एकदम पाच अल्बम फुकट दिले. मागचा सूत्रधार इन्फ्लो हा निर्माता, आणि त्याचेच हात २०२० च्या मर्क्युरी विजेत्या मायकल किवानुकाच्या अल्बमवर आणि २०२२ ची विजेती रॅपर लिटल सिम्झ हिच्या अल्बमवरही आहेत. नावे लपवली तरी ठेक्यावरून आणि गायकवृंदाच्या पोतावरून माणूस ओळखू येतो.

शिकागोत काम वेगळ्या रीतीने चालते. मकाया मॅक्रेव्हन हा ड्रमर छोट्या जागांत मित्रांबरोबर काहीही न ठरवता वाजवतो, सगळे मुद्रित करतो आणि नंतर घरी संगणकावर त्याची कापाकापी करतो. एखादी चार मात्रांची जागा तो उचलतो, तिचा लूप करतो, तिच्यावर दुसऱ्या रात्रीचा तुकडा बसवतो. हिपहॉपवाले जुन्या रेकॉर्डवरून नमुने उचलत. मॅक्रेव्हन स्वतःच्याच मैफलींतून उचलतो. २०१८ चा 'युनिव्हर्सल बीइंग्ज' ऐकताना कुठे माणूस संपला आणि कात्री सुरू झाली हे कळत नाही. हे काम छापणारे इंटरनॅशनल अँथम हे लेबल आपल्या वादकांची नावे नीट लिहिते, म्हणूनही ते मला प्रिय आहे. गिटारवादक जेफ पार्कर याच लेबलवर भेटतो. तो शिकागोच्या टॉरटॉइज या बँडचा. इंडी रॉकच्या श्रोत्यांनी नव्वदच्या दशकात या बँडला डोक्यावर घेतले होते. २०२० चा 'स्वीट फॉर मॅक्स ब्राउन' पार्करने आईसाठी केला.

शिकागोतूनच जमिला वुड्स येते. ही मुळात कवयित्री. 'लेगसी! लेगसी!' या २०१९ च्या अल्बमात जवळजवळ प्रत्येक गाण्याला तिने एकेका पूर्वसूरीचे नाव दिले. त्यांत झोरा नील हर्स्टन आहे, जेम्स बाल्डविन आहे, माइल्स डेव्हिस आहे, फ्रिडा काहलोही आहे. अल्बम काढला तो जॅगजॅग्वार या इंडी लेबलने. इंडी हा शब्द मुळात स्वतंत्र लेबलांचा, गिटारशी तो पुढे चिकटला. याउलट अलाबामा शेक्स या गिटारच्या बँडची गायिका ब्रिटनी हॉवर्ड हिने २०१९ मध्ये एकटीचा 'जेमी' काढला तेव्हा कीबोर्डवर रॉबर्ट ग्लास्परला आणि ड्रम्सवर जॅझच्या नेट स्मिथला बसवले. अल्बमला नाव दिले लहानपणी कर्करोगाने गेलेल्या बहिणीचे. हॉवर्डचा आवाज चर्चमधून आला आहे हे स्मिथच्या ड्रम्समुळे जितके लख्ख ऐकू येते तितके तिच्या बँडमध्ये येत नसे.

आता भजन. जॉन कोल्ट्रेनची पत्नी ॲलिस कोल्ट्रेन ही डेट्रॉइटची, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत वाढलेली. १९६७ मध्ये पती गेल्यावर ती स्वामी सच्चिदानंदांकडे वळली आणि १९७० च्या अखेरीस भारतात येऊन गेली. १९७१ च्या 'जर्नी इन सच्चिदानंद'मध्ये तंबोऱ्याच्या नादावर तिचा हार्प आणि फॅरो सँडर्सचा सॅक्सोफोन आहे. पुढे तिने मैफली थांबवल्या, कॅलिफोर्नियात अगौरा हिल्स इथे आश्रम काढला आणि तिथे भजने रचली. शब्द संस्कृत, चाल आणि टाळ्या डेट्रॉइटच्या चर्चच्या, बरोबर सिंथेसायझर. आश्रमापुरत्या निघालेल्या या कॅसेटींतली निवडक गाणी २०१७ मध्ये लुआका बॉप लेबलने जगापुढे आणली. केशव-नारायणाची नावे गॉस्पेलच्या ठेक्यात उसळताना ऐकून आपल्याकडचा वारकरी चकित होईल, पण परका वाटून उठणार नाही. ब्रेनफीडरचा फ्लाइंग लोटस हा या ॲलिस कोल्ट्रेनच्या बहिणीचा नातू. आउटकास्टचा रॅपर आंद्रे ३००० याने २०२३ मध्ये रॅप सोडून बासरीचा 'न्यू ब्लू सन' काढला. त्यावर कीबोर्ड वाजवणारा सूर्या बोटोफसिना त्याच आश्रमात लहानाचा मोठा झालेला आहे.

महाराष्ट्र आणि गोव्याचे धागे या संगीतात बळेच ओवायची गरज नाही, ते आहेतच. सॅक्सोफोनचा महारथी सनी रोलिन्स साठच्या दशकात पवईच्या आश्रमात येऊन राहिला, आणि १९७८ ला मुंबईत सुरू झालेल्या जॅझ यात्रेत तो वाजवायलाही आला. त्याच्या कितीतरी आधी गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवत होते. सी. रामचंद्रांनी त्यांना हाताशी धरले आणि १९५१ च्या 'अलबेला'मध्ये त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. चिक चॉकलेट दिसले तरी. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड आणि त्यांच्यासारख्या गोवेकर संयोजकांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत क्वचितच आली. ज्या गाण्यांवर आपण वाढलो त्यांतले ट्रम्पेट आणि व्हायोलिनचे तुकडे कोणी लिहिले हे आपल्याला कोणी सांगितले नाही. बारीक अक्षरांतल्या नावांविषयी मी इतका आग्रही आहे त्याचे हे एक मोठे कारण.

नाव न छापल्याचा एक दावा तर अमेरिकेच्या न्यायालयात गेला. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे 'ॲडिक्टिव्ह' गाणे गाजले. त्यात 'ज्योती' या १९८१ च्या चित्रपटातले, लता मंगेशकरांनी गायलेले 'थोडा रेशम लगता है' न विचारता घेतले होते. संगीतकार बप्पी लाहिरींचे नाव दिल्याखेरीज विक्री करू नये असा न्यायालयाने आदेश दिला. जगभर नाचवणारा तो आवाज मंगेशकरांचा होता, आणि पाकिटावर त्याची दखल नव्हती.

आजच्या दुव्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो सारथी कोरवार. अहमदाबाद आणि चेन्नईत वाढलेला हा ड्रमर पुण्यात राजीव देवस्थळी यांच्याकडे तबला शिकला आणि मग लंडनला गेला. तिथल्या नव्या जॅझवाल्यांत तो मिसळला आणि २०१९ च्या 'मोअर अरायव्हिंग'मध्ये त्याने मुंबई-दिल्लीच्या रॅपरांना आणले. त्यांपैकी एमसी मवाली हा मुंबईच्या स्वदेसी या गटाचा. स्वदेसीने त्याच वर्षी 'द वारली रिव्होल्ट' केले. आरेच्या जंगलातले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर त्यात गातात, आणि आरेच्या झाडांवर कुऱ्हाड पडली त्याच वर्षीचे हे गाणे आहे. मराठी रॅपचा विषय निघाला की आधी हे ऐकवावे, असे माझे मत आहे.

रॅपपाशी मराठी वाचक अडतो तो बहुधा शब्दांवर. उच्चार वेगळे, वेग मोठा, संदर्भ वस्तीचे. यावर उपाय एकच, शब्द समोर ठेवून ऐकणे. न्यूयॉर्कचा बिली वुड्स किंवा शिकागोची नोनेम यांना नुसत्या ठेक्यावर ऐकणे म्हणजे त्यांना अर्धेच ऐकणे. लमारच्या 'डॅम' या अल्बमला २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर मिळाले. शास्त्रीय आणि जॅझ यांच्या बाहेर ते प्रथमच गेले. ते मिळण्यात शब्दांचा वाटा मोठा आहे. म्हणून रॅपच्या नोंदींत मी भाषांतर दिले नाही, वस्तीचे आणि व्यक्तींचे संदर्भ तेवढे दिले आहेत.

दक्षिण आफ्रिकेतले जॅझ आणि ब्राझीलचे नवे गायक या खंडात नाहीत. त्यांना दोन-चार पानांत उरकणे मला मान्य नव्हते. पुस्तकाची प्रकरणे चार प्रकारांनुसारही केलेली नाहीत. प्रत्येक प्रकरण एका वादकाचे आहे आणि तो जिथे जिथे वाजवतो तिथे तिथे ते जाते. ज्याला क्रमाने वाचायचे नाही त्याने रॉबर्ट ग्लास्परच्या 'ब्लॅक रेडिओ'पासून सुरुवात करावी. २०१२ च्या या एका अल्बमवर जॅझचा पियानो आहे, एरिका बडूचा आवाज आहे, यासीन बे याचा रॅप आहे आणि शेवटी निर्वाणा या रॉक बँडचे सर्वांत गाजलेले गाणे आहे. ड्रम्सवर ख्रिस डेव्ह. पहिले प्रकरण त्याचेच आहे.